दौलतताईची भिंत आणि करडे चौकोन

रंग भरताना रेघेच्या बाहेर जायचं नाही, हे मी नदीच्या या पश्चिम काठावरच्या जवळजवळ प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला शिकवलेलं आहे. मी इथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. मुलं ऐकत नसत. खजुरीचा हिरवा आभाळात शिरायचा, आभाळाचा निळा गाढवाच्या कानात. मी कधी रागावलो नाही. मुलाच्या शेजारी बसायचो आणि रेघ जिथे तुटली असेल ती जागा बोटानं दाखवायचो. "बघ बाळ, इथं दार उघडं राहिलंय. रंग पाण्यासारखा असतो. दार उघडं दिसलं की तो निघाला."

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात दार मी स्वतःच उघडं ठेवलं होतं.

माझी थोरली बहीण दौलतताई आणि मी एकाच घरात राहतो. यंदा सोडतीत तिचं नाव निघालं आणि ती हजला गेली. आमच्याकडे माणूस हजला गेला की तो परत यायच्या आत त्याच्या घराची दर्शनी भिंत रंगवून ठेवावी लागते. काबा, प्रवासाचं वाहन, हाजीचं नाव आणि साल. परत येणाऱ्यानं गल्लीच्या तोंडाशी उतरावं आणि पहिल्यांदा आपली भिंत पाहावी. भिंत कोरी राहिली तर हज अल्लाकडे पोचतो, पण गल्लीत पोचत नाही.

निघायच्या दिवशी ताईनं बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागे वळली.

"रिफअत, भिंतीवर खोटं काही काढायचं नाही."

"मी कशाला खोटं काढीन?"

"अब्द-अस्सत्तारच्या भिंतीवर सिंह आहे. हजला सिंह कुठं भेटतो? तो गेला तेव्हा वाटेत पोट बिघडून पडला होता, एवढंच मला माहीत आहे. मी जे डोळ्यांनी बघीन तेवढंच काढ. एक रेघ जास्त नको."

"पण ताई, भिंत तू यायच्या आधी तयार पाहिजे. तू काय बघितलंस ते मला कसं कळणार?"

"तू मास्तर ना? अंदाज कर," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

माझ्या ताईनं आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. मागितलं ते असं.

आमच्या गावात भिंती रंगवणारा एकच माणूस होता, तो वारला. त्याचा मुलगा समुद्रकाठच्या हुरघादाला हॉटेलांच्या भिंतींवर डॉल्फिन काढतो आणि हज काढायला त्याला सवड नाही. मीच काढलं असतं, पण माझा उजवा हात अलीकडे थरथरतो. चहाचा पेला उचलला की बशी बोलायला लागते. ब्रश धरून शिडीवर चढण्याचा प्रश्नच नव्हता.

माझी मुलगी इल्हाम कैरोला असते. तिनं फोनवर उपाय सांगितला. "बाबा, माझा जुना लॅपटॉप घरीच आहे. त्यात फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आहे. तुम्ही कागदावर पेन्सिलीनं नुसत्या रेघा काढा, फोटो घ्या आणि आत टाका. रंग तो भरेल. मग मोठा बॅनर छापून भिंतीवर ठोकायचा. हल्ली सगळे तेच करतात."

मी पेन्सिलीनं काढलं. समुद्र आणि बोट, कारण ताई बसनं नुवैबाच्या बंदराला आणि तिथून बोटीनं पलीकडे गेली होती. बोटीपुढे मोकळी जमीन, जमिनीवर काबा, काब्यासमोर हात वर केलेली ताई. हात कापत असल्यामुळे काब्याच्या भिंती थोड्या भूकंपात सापडल्यासारख्या आल्या, पण ओळखू येत होत्या.

सॉफ्टवेअरमध्ये एक बादलीचं चित्र असतं. रंग निवडायचा, बादलीवर टिचकी मारायची आणि जिथे रंग हवा तिथे पुन्हा एक टिचकी. मी निळा निवडला आणि समुद्रावर टिचकी मारली. डोळ्याची पापणी लवायच्या आत समुद्र काठोकाठ भरला. रेघेला धक्का नाही, कोपरा कोरा नाही. मी खुर्चीत मागे टेकलो. मुलांच्या मागे जन्मभर जे घेऊन फिरलो ते या बादलीला कुणी न शिकवता येत होतं, आणि मला आनंद झाला की थोडं वाईट वाटलं हे अजून ठरलेलं नाही.

मग मी काळा निवडला आणि काब्यावर टिचकी मारली.

काबा काळा झाला. आभाळ काळं झालं. जमीन काळी झाली. बोट काळी झाली आणि हात वर केलेली माझी ताईही काळी झाली. आधी भरलेला समुद्र तेवढा निळा राहिला. मी घाबरून आणखी दोनदा टिचकी मारली, त्यानं पेन्सिलीच्या ज्या थोड्या रेघा दिसत होत्या त्याही गेल्या.

समोरच्या घरातली उम्म वगीह तेव्हाच खिडकीशी आली. भिंतीचं काम कुठवर आलं हे पाहायला ती दिवसातून अनेकदा येते. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि छातीवर हात मारला.

"उस्ताज! मास्तर! बोट बुडाली?"

"नाही, नाही, रंग..."

"निळ्या पाण्यात काळी बोट दिसतेय मला! माझ्यापासून लपवू नका!"

"उम्म वगीह, रेघ तुटलीय."

"आयुष्याची रेघ ना! अरे माझ्या दौलत!"

ती रडत गल्लीत गेली. मी चप्पल शोधून बाहेर येईपर्यंत कोपऱ्यावरचा वाणी हाजी अब्द-अस्सत्तार दुकानाची अर्धी झडप ओढून निघाला होता आणि कुणीतरी दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी ठेवली होती. माणसं ओट्यावर येऊन बसू लागली. आता माझ्या ओट्यावर माझ्या जिवंत बहिणीच्या दुखवट्याला आलेल्या लोकांना मी काय सांगावं? मी सांगत होतो की हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. ते मान डोलावून म्हणत होते, "धीर धरा, उस्ताज, शेवटी सगळं त्याच्या हातात." ताईचा फोन लागत नव्हता, कारण त्या दिवसांत तिकडे कुणाचाच लागत नाही. कॉफीची दुसरी फेरी झाल्यावर एकदाचा लागला. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून ओट्याच्या मधोमध धरला.

"काय रे? कशाला केलास? मी रांगेत आहे," ताई म्हणाली.

सगळ्यांनी अल्लाचे आभार मानले. फक्त उम्म वगीहचा चेहरा थोडा पडला. "मग कॉफीत साखर तरी घालू दे," ती म्हणाली.

इल्हामनं फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. "बाबा, चित्र मोठं करून बघा. काब्याच्या रेघेत कुठेतरी फट असेल. तिथूनच रंग बाहेर गेला." मी मोठं केलं. उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, मुंगीही अडकेल एवढी फट होती. माझ्या हाताच्या एका थरथरीएवढी. मी तिच्यावर बोट ठेवलं. मग मागे जायचं बटण दाबून काळोख काढला, फट मिटवली आणि पुन्हा टिचकी मारली. या वेळी काळा रंग आतच राहिला.

एव्हाना सगळ्या गल्लीला चित्र आपलं वाटायला लागलं होतं. हाजी अब्द-अस्सत्तार चहा घेऊन आला आणि माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाला, "विमान कुठाय?"

"ताई विमानानं गेली नाही."

"ते तुम्हाला माहीत. रस्त्यानं जाणाऱ्याला काय माहीत? लोक म्हणतील भावानं विमानाचे पैसे वाचवले."

"ती म्हणाली, पाहिलं तेवढंच काढ."

"बोटीवरून वर बघितलं असेल तर आभाळात एखादं विमान दिसलंच असेल की."

या युक्तिवादात मला खोट सापडेना. तरी मी विमान काढलं नाही. हाजी नाराज झाला आणि त्या आठवड्यात त्यानं मला सगळी डाळ खड्यांसकट दिली.

आभाळ फिकट निळं झालं. जमिनीला मी वाळूचा पिवळा रंग भरला, चांगला तेजस्वी. सुतार भिंतीवर बॅनरसाठी पट्ट्या ठोकायला लागला आणि पहिल्याच खिळ्याला एक मोटरसायकल येऊन थांबली.

आमच्या मागच्या डोंगरात जुन्या राजांची थडगी आहेत. त्यामुळे डोंगराच्या नजरेत येणाऱ्या कुठल्याही भिंतीला काही करायचं तर परवानगी लागते. मोटरसायकलवरचा निरीक्षक म्हणजे मिदहत, माझाच विद्यार्थी. त्यानं उतरून माझा हात हातात घेतला, तब्येत विचारली आणि काम थांबवलं.

"उस्ताज, रंगकाम असतं तर मी बघितलं असतं. बॅनर म्हणजे जाहिरात. जाहिरातीची परवानगी नगर कचेरीत."

नगर कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "काय विकताय?"

"काही नाही. माझी बहीण हजहून येतेय."

"मुबारक असो. पण काही विकत नसाल तर ती जाहिरात नाही. जाहिरात नाही तर आमचा संबंध नाही."

"मग हे काय आहे?"

"ते तुम्हालाच ठाऊक. सजावट असेल. सजावट निरीक्षकाकडे."

मी मिदहतकडे परत गेलो. तो म्हणाला की सजावट असेल तर रंग परिसराशी जुळले पाहिजेत, आणि तो उद्या सकाळी स्वतः येऊन चित्र पाहील. ताई परवा यायची होती. मी रात्रभर जागलो असं कुणाला वाटू नये, मी झोपलो, पण झोपेतही टिचक्या मारत होतो.

सकाळी मिदहत आला आणि लॅपटॉपसमोर बसला.

"हा पिवळा नको, उस्ताज. डोंगराशी भांडतोय. आभाळ ठीक, बोट ठीक. जमीन काहीतरी सौम्य करा."

"आत्ता करतो," मी म्हणालो आणि जमिनीचा पिवळा पुसला. दुसरा रंग भरायच्या आधी पहिला काढून टाकावा, ही माझी वर्गातली शिस्त. पिवळा गेला. त्याच्या जागी, सॉफ्टवेअरच्या पद्धतीप्रमाणे, पांढऱ्या आणि करड्या रंगाचे बारीक बारीक चौकोन दिसू लागले. बोटीपासून काब्यापर्यंत.

मिदहत पुढे वाकला. "वा! हे सुंदर आहे."

"हे काही नाही."

"विनय सोडा, उस्ताज. करडा आणि पांढरा. डोंगराला अजिबात त्रास नाही. हेच ठेवा."

"मिदहत, तुला कळत नाहीये. ही जागा रिकामी आहे. रंगच नाही इथे. इथे काही नाही, हे दाखवायला ते चौकोन दाखवतात."

"पण मला दिसतायत."

"तुला दिसतंय ते नसणं आहे."

मिदहतनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "उस्ताज, चौथीत मी मागची जागा रिकामी सोडायचो, तेव्हा तुम्ही माझं चित्र परत करायचात. आठवतं? म्हणायचात, रिकामं काही सोडू नकोस, भर. आज तुम्ही भरलंय आणि मी मंजूर करतोय. नाही म्हणू नका." त्याचे डोळे खरोखरच पाणावले होते. त्यानं मोबाईलवर पडद्याचा फोटो घेतला. दुपारी त्या फोटोची छापील प्रत माझ्याकडे आली. तिच्यावर शिक्का होता आणि शिक्क्याखाली लिहिलं होतं, की भिंतीवरील चित्र सोबतच्या चित्राहून वेगळं आढळल्यास उतरवण्यात येईल.

छापखाना जिर्जिसचा. त्यानं फाइल उघडून डोकं खाजवलं.

"उस्ताज, हे चौकोन छापले जाणार नाहीत. ती रिकामी जागा आहे. बॅनर तिथे कोरा येईल."

"मला ठाऊक आहे. पण मंजुरी चौकोनांना आहे."

"म्हणजे जे नाही ते छापून पाहिजे?"

"शिक्क्यासकट."

जिर्जिसनं फोटोवरचा शिक्का पाहिला आणि पुढे काही विचारलं नाही. शिक्का पाहिला की माणूस पुढे विचारत नाही. "मग नसलेलं असलेलं करावं लागेल," तो म्हणाला. मी तिथेच त्याच्या खुर्चीवर बसलो. दोन पांढरे, दोन करडे, असे चार इवलेसे चौकोन जोडून एक नमुना केला. बादलीत रंगाऐवजी तो नमुना घेतला आणि रिकाम्या जमिनीवर टिचकी मारली. रिकाम्या जागेच्या खऱ्या चौकोनांवर माझे खोटे चौकोन पसरले. आधीचं आणि नंतरचं चित्र अगदी सारखं दिसत होतं. एवढी मेहनत करून फरक शून्य, असं काम मी आयुष्यात प्रथमच केलं. एक चौकोनही रेघेबाहेर गेला नाही, हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

ताई यायच्या दिवशी सकाळी बॅनर भिंतीवर चढला आणि गल्ली त्याच्यासमोर उभी राहिली.

"हम्माम आहे हा," हाजी अब्द-अस्सत्तार म्हणाला. "काब्यासमोर न्हाणीघराची फरशी!"

"माझ्या सुनेच्या स्वयंपाकघरात हीच आहे," उम्म वगीह म्हणाली. "स्वस्तातली. एका वर्षात उखडली."

"विमान घातलं असतं तर लोकांचं लक्ष वर गेलं असतं," हाजी म्हणाला. "मी सांगत होतो."

मिदहत इस्त्रीचा सदरा घालून आला होता. तो म्हणाला, "मंजूर आहे," आणि त्याला वाटलं की मुद्दा संपला.

काढलेलं चित्र वाईट आहे हे एक वेळ सोसता येतं. पण ताईनं खोटं काही नको म्हटलं होतं, आणि मी तिच्या भिंतीवर अर्ध्याहून जास्त जागेत सरळसरळ काहीच नाही छापून ठेवलं होतं. वरून त्याला परवानगी मिळवली होती. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो, म्हणजे थरथर दिसणार नाही. पाठीमागे उम्म वगीह उभी होती. "उस्ताज, थंडी वाजतेय का?" तिनं विचारलं.

दुपार कलल्यावर बस आली. बायकांनी आनंदाच्या लांब किलकाऱ्या दिल्या, सरबताचे पेले फिरले. ताई उतरली. पांढऱ्या कपड्यांत ती गेली होती त्याहून लहान दिसत होती. प्रत्येक जण तिचा हात धरून तेच विचारत होता, "हाज्जा, काय काय पाहिलंस? सांग ना, काय पाहिलंस?" ती नुसती हसत होती आणि "सांगते, सांगते" म्हणत होती. मी तिला लहानपणापासून ओळखतो. पाढा न येणारं मूल असं हसतं.

मग तिला भिंत दिसली.

ती थांबली. गल्लीही थांबली. ताईनं बोटीकडे पाहिलं नाही, आपल्या नावाकडे पाहिलं नाही. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं पंजा उघडून चौकोनांवर टेकवला.

"इथं गार असतं," ती म्हणाली.

तिनं दुसराही पंजा टेकवला.

"बाहेर ऊन असं की चपला रस्त्याला चिकटत होत्या. आणि आत, काब्याभोवती, अनवाणी पाय ठेवला तर फरशी गार. भर दुपारी. मला वाटलं, कुणीतरी माझ्या पायांखाली हात धरलाय." ती हळूहळू माझ्याकडे वळली. "रिफअत, मी एवढीशी. पुढे माणसांच्या पाठी, मागे माणसांच्या पाठी. आमच्या गटातल्या एका बाईच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि हरवायला नको म्हणून खाली बघत चालले. सगळ्या फेऱ्या तशाच. पांढरं, करडं, पांढरं. एकदाच वर बघितलं, तेव्हा काळा कोपरा दिसला, एवढासा. आणि मग डोळेच भरून आले, काही दिसेना. येताना बसमध्ये रचत आले होते, की लोकांनी विचारलं तर काय काय सांगायचं. खोटं बोलावं लागणार होतं मला, हाज्जा होऊन."

तिनं पुन्हा चौकोनांवरून हात फिरवला.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"फरशी मी मंजूर केली," मिदहत मागून म्हणाला.

ताईला खोटं चालत नाही. मी म्हणालो, "ताई, तिथे काही नव्हतं. जागा रिकामी होती. मी नुसती भरली."

"बरोबर," ती म्हणाली. "काहीच नव्हतं. तेवढंच होतं."

हाजी अब्द-अस्सत्तारनं खाकरून घेतलं आणि ही फरशी कुणाकडून छापली असं जिर्जिसचं नाव ठाऊक असूनही मला विचारलं. त्याच्या मेव्हण्याचं नाव पुढच्या सोडतीत आहे. उम्म वगीह म्हणाली की तिच्या सुनेची फरशी तशी काही वाईट नव्हती, गवंडी वाईट होता. लोक भिंतीजवळ सरकले, बोटं लावून चौकोन पाहू लागले, मुलं त्यांच्या पायांतून पुढे घुसली.

ताईनं मला स्टूल आणायला सांगितलं. मी ते गल्लीच्या पलीकडच्या कडेला, भिंतीच्या बरोबर समोर ठेवलं. ती बसली, ओढणी सावरली आणि मान वर केली. बॅनरवरचा काबा काळा, पूर्ण, चारी कोपरे बंद असा उभा होता. पण तिच्या आणि त्याच्या मध्ये अख्खी गल्ली पाठ करून उभी होती.

"सरका रे जरा," दौलतताई म्हणाली. "इथे तरी मला नीट बघू दे."